हिमॅटॉलॉजी शिकताना: ट्यूबपासून रिपोर्टपर्यंत

डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी (लॅब टेक्निशियनचे कोर्स) करून लॅबमध्ये आलेल्या मुलामुलींना सीबीसीचं (रक्तपेशींच्या मोजणीचं) मशीन चालवायला आठवड्याभरात जमतं. ट्यूब उलटीसुलटी करायची, नंबर टाकायचा, प्रोबखाली धरायची. मिनिटभरात वीसेक आकडे कागदावर हजर. म्हणून हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ताची तपासणी, सोपी वाटते आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण मशीन फक्त मोजतं. मोजलेलं या पेशंटचं खरंखुरं रक्त आहे का, हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवायची साधनं दोनच: एक आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहणं, आणि आकडे स्लाइडशी, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताशी, ताडून पाहणं. सगळं शिकणं या दोन गोष्टींसाठी.

खाली दिलेला क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. ल्युकेमियाच्या स्लाइड बघायला सगळ्यांनाच आवडतात, पण नॉर्मल लिम्फोसाइट (एक पांढरी पेशी) ओळखता येत नसेल तर ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियातली अपरिपक्व पेशी, ओळखल्याचा आव आणू नये.

१. आधी ट्यूब

जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. एक मिलिलिटर रक्ताला साधारण दीड ते दोन मिलिग्रॅम, हे प्रमाण रेघेपर्यंत रक्त भरलं तरच राहतं. कमी भरलं तर ईडीटीए जास्त होऊन लाल पेशी आकसतात आणि पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) खोटा कमी येतो. जास्त भरलं तर गुठळी होते. रक्त घेतल्या घेतल्या ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची. खुळखुळ्यासारखी हलवायची नाही, पेशी फुटतात.

मशीनला लावण्याआधी लाकडी काडी ट्यूबमध्ये फिरवून गुठळी आहे का ते पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बारीकशी गुठळीसुद्धा प्लेटलेट गिळून बसते आणि प्रोबही चोक करते. वर पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागतं, आणि त्याची बोलणी तुम्हाला खावी लागतात.

एकाच वेळी अनेक ट्यूब भरायच्या असतील तर निळी सायट्रेटची आधी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लालमध्ये ओतून वेळ मारून नेली की पोटॅशियम भलतंच वाढतं आणि कॅल्शियम पडतं, कारण त्या ईडीटीएत पोटॅशियमच असतं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ नका. असं 'पातळ' रक्त मशीन निमूटपणे मोजतं. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम खाली आलेले दिसले की पहिली शंका सलाईनची घ्यायची.

तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून जिल्ह्याच्या लॅबला नमुना पोहोचायला संध्याकाळ होते. तोवर लाल पेशी फुगतात, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) वाढतो, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये पोकळ्या दिसू लागतात. यावर उपाय सोपा आहे: स्लाइड सेंटरवरच, रक्त घेतल्यापासून दोन तासांत ओढायची आणि वाळवून ट्यूबबरोबर पाठवायची. स्लाइडच्या जाड टोकावर पेन्सिलने नाव आणि नंबर लिहा; शाईने लिहिलेलं मिथेनॉलमध्ये धुऊन जातं.

२. न्यूबॉर चेंबर एकदा तरी मनापासून

न्यूबॉर चेंबर म्हणजे पेशी हाताने मोजायची रेघांची काच. आजकाल हाताने काउंट कोण करतं, असं म्हणून हा भाग टाळतात. रोजच्या कामाला तो लागणार नाही हे खरं, पण मोजणीतली चूक केवढी असते ते इथेच कळतं.

२० मायक्रोलिटर रक्त ३८० मायक्रोलिटर टर्क्स फ्लुइडमध्ये मिसळा, म्हणजे वीसपट पातळ झालं. त्यातलं अॅसिटिक अॅसिड लाल पेशी फोडतं, जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला रंग देतं. चेंबर भरून पेशी खाली बसेपर्यंत दोनेक मिनिटं थांबा. कोपऱ्यातले चार मोठे चौकोन मोजायचे. प्रत्येक एक चौरस मिलिमीटरचा, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे एकूण ०.४ घनमिलिमीटर. मोजलेल्या पेशी गुणिले २० भागिले ०.४, थोडक्यात गुणिले ५०. रेघेवरच्या पेशी दोनच बाजूंच्या धरायच्या, उरलेल्या दोन सोडायच्या.

समजा १४२ पेशी मिळाल्या, काउंट ७,१०० झाला. १४२ चं वर्गमूळ साधारण १२. म्हणजे हातांत काही खोट नसतानासुद्धा निव्वळ योगायोगाने हा आकडा १४२ च्या वर-खाली त्या बाराच्या दुप्पट, चोवीसेक पेशींनी, सरकू शकतो: ५,९०० ते ८,३०० पर्यंत. काल ६,६०० होता आणि आज ७,४०० आला म्हणून इन्फेक्शन वाढलं, असं हाताच्या काउंटवरून कुणालाही सांगता येत नाही. मशीन हजारो पेशी मोजतं म्हणून तिथे हा हेलकावा खूपच लहान असतो. मशीनवरचा विश्वास आंधळा नसावा, पण तो का ठेवायचा तेही माहीत असावं.

३. स्मिअर: हात बसेपर्यंत काचा वाया घालवा

यात हयगय नको. पुढचं सगळं स्मिअरवर, म्हणजे काचेवर ओढलेल्या रक्ताच्या पातळ थरावर (फिल्मवर), उभं आहे.

काच स्वच्छ आणि तेलाचा अंश नसलेली हवी. नवीन डब्यातली असली तरी स्पिरिटने पुसून कोरडी करा. एका टोकापासून सेंटिमीटरभर आत रक्ताचा लहान थेंब ठेवा. नवशिक्यांचा थेंब हमखास मोठा असतो. स्प्रेडर (रक्त पसरवायची दुसरी काच) ३० ते ४५ अंशांत थेंबासमोर टेकवून किंचित मागे ओढा, थेंब कडेला दोन्हीकडे पसरू द्या आणि मग एका दमात, न थबकता पुढे न्या. दाब द्यायचा नाही. फिल्म काचेच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश लांबीत संपली पाहिजे, कडा काचेच्या कडेला लागता कामा नयेत, आणि शेवट पातळ, जिभेच्या टोकासारखा गोल हवा.

रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन सहा-सातवर असेल, तर ते लांब पळतं. कोन वाढवा, हात थोडा जलद न्या. रक्त घट्ट असेल, जसं नवजात बाळाचं, तर कोन कमी करा आणि हात सावकाश न्या. शिकवताना मी हेच आधी तपासते. हिमोग्लोबिन पाहून जी मुलगी कोन बदलते तिला स्मिअर कळला.

आता लेशमन, म्हणजे स्मिअर रंगवायचा स्टेन. मिथेनॉलमध्ये ०.१५ टक्के पावडर, म्हणजे १०० मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम. मिथेनॉल अॅसिटोनमुक्तच घ्या. स्टेनमधल्या मिथेनॉलनेच फिल्म फिक्स होते, त्यामुळे वेगळं फिक्सिंग नको. पूर्ण फिल्म झाकेल इतका स्टेन ओता, दोन मिनिटं थांबा. मग दुप्पट बफर, पीएच ६.८, घालून पिपेटने हवा फुंकत मिसळा. वर धातूसारखी चकाकती साय धरली की मिश्रण जमलं. दहा मिनिटांनी साय पाण्याच्या धारेने वाहून जाऊ द्या. आधी स्टेन ओतून टाकून मग धुतलं तर ती साय फिल्मवर बसते आणि काळे ठिपके उरतात. मागची बाजू पुसा, काच उभी वाळवा.

रंग बिघडला तर कारण शोधायचं ठिकाण बहुतेक वेळा बफर असतं. सगळं निळंशार, लाल पेशीही निळसर करड्या: बफर अल्कलाइन, किंवा धुणं कमी पडलं, किंवा फिल्मच जाड. सगळं गुलाबी, केंद्रक फिके: बफर आम्ल, किंवा धुणं जास्त झालं. बोअरच्या जड पाण्यावर लेशमन करणाऱ्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं निळ्या स्लाइड निघतात आणि दोष बिचाऱ्या स्टेनच्या कंपनीला जातो.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जुलैत मुंबईत किंवा कोकणात हवेतला दमटपणा मिथेनॉलमध्ये उतरतो, फिल्म वाळायला वेळ लागतो, आणि लाल पेशींच्या मध्यभागी चकाकणारे, कडा ठळक असलेले पोकळ गोल दिसतात. नवखी मुलं त्यांना हायपोक्रोमिया (हिमोग्लोबिन कमी असल्याने आलेला फिकेपणा) म्हणतात, कुणी मलेरियाही म्हणतं. फाइन फोकस हलवून बघा: चकाकी येते-जाते. खऱ्या हायपोक्रोमियात फिकेपणा मध्याकडून कडेकडे हळूहळू उतरत जातो, रेघ ओढल्यासारखा कापलेला नसतो. फिल्म ओढल्यावर लगेच पंख्याखाली किंवा हेअर ड्रायरच्या कोमट वाऱ्यात वाळवा, आणि मिथेनॉलच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका.

४. नजर नॉर्मलवर बसवा

रोज ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले त्यांच्याच स्लाइड घ्या. मायक्रोस्कोपच्या दहाच्या लेन्सवर फिल्मची ठेवण पाहा, टोकाकडे गुठळ्या आहेत का ते पाहा. चाळीसवर पांढऱ्या पेशींचा अंदाज. मग ऑइल घालून शंभरवर, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या पट्ट्यात जा. जाड भागात सगळ्या लिम्फोसाइट लहान आणि काळ्या दिसतात. अगदी टोकाला लाल पेशींचा मधला फिकेपणा नाहीसा होतो आणि स्फेरोसाइटचा (चेंडूसारख्या गोल लाल पेशीचा) भास होतो. जागा चुकली की निदान चुकतं.

लाल पेशीचं माप काढायला लहान लिम्फोसाइटचं केंद्रक हाताशी असतं: नॉर्मल लाल पेशी जवळपास तेवढीच. मोनोसाइट आणि रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइट (इन्फेक्शनमुळे बदललेली) यांत सगळेच गोंधळतात. मोनोसाइटचा सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा भाग) करडा, धुरकट, बारीक कणांचा, कधी पोकळ्यांसह. केंद्रकाची जाळी सैल. रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइटचा सायटोप्लाझम निळा, कडेला गडद, आणि शेजारच्या लाल पेशीला टेकला की तिच्याभोवती वळतो.

डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी काढणं, ही शितावरून भाताची परीक्षा, पण शितं किती घेतली ते महत्त्वाचं. शंभर पेशींत ५ इओसिनोफिल मिळाले तर खरा आकडा १ ते १२ मधला कुठलाही असू शकतो. १० मिळाले तर ४ ते १८. म्हणून मशीनने ३ टक्के दिले आणि तुम्हाला ६ मिळाले तर घाबरून मशीनला नावं ठेवू नका. इओसिनोफिल २५ असतील तर मात्र दोघांनाही दिसतील.

लाल पेशींचे बदल लिहिताना 'थोडे', 'बरेच' असं मनाला येईल तसं न लिहिता लॅबमध्ये एकच श्रेणी ठरवा. आंतरराष्ट्रीय मानकीकरण समितीच्या, म्हणजे आयसीएसएचच्या, २०१५ च्या शिफारशी यासाठी वापरतात. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवाच: तुटक्या लाल पेशी, म्हणजे शिस्टोसाइट, एक टक्क्याच्या वर गेल्या तरी त्या गंभीर. इतर बदलांसाठी वाट पाहतात तशी इथे पाहत नाहीत.

५. कागद वाचायचा कसा

हिमोग्लोबिन, लाल पेशींचा काउंट आणि एमसीव्ही. मशीन हे थेट मोजतं. उरलेलं बरंचसं गणित असतं. ते हाताने एकदा करा: पीसीव्ही गुणिले १० भागिले आरबीसी (लाल पेशींचा काउंट) म्हणजे एमसीव्ही (मशीन याच नात्यातून उलट पीसीव्ही काढतं), हिमोग्लोबिन गुणिले १० भागिले आरबीसी म्हणजे एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन), हिमोग्लोबिन गुणिले १०० भागिले पीसीव्ही म्हणजे एमसीएचसी (लाल पेशींतली हिमोग्लोबिनची घनता).

तिनाचा नियमही सोबत ठेवा: आरबीसी गुणिले ३ म्हणजे हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन गुणिले ३ म्हणजे पीसीव्ही, तीनेक इकडेतिकडे. हा नियम नॉर्मल आकाराच्या, नॉर्मल भरलेल्या लाल पेशींपुरताच. तो मोडला तर एकतर पेशंटच्या पेशी वेगळ्या आहेत, नाहीतर मशीन किंवा नमुना बिघडला आहे. कुठलं ते स्लाइड सांगते.

नमुन्यादाखल तीन कागद, आकडे सरावासाठी रचलेले.

पहिला: हिमोग्लोबिन ८.२, आरबीसी ४.१०, पीसीव्ही २७.३, एमसीव्ही ६६.६, एमसीएच २०.०, आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातली तफावत) १९. एमसीव्ही भागिले आरबीसी केलं, ज्याला मेंटझर इंडेक्स म्हणतात, तर १६.२. तेराच्या वर. स्लाइडवर लहानमोठ्या फिक्या पेशी, मधूनमधून पेन्सिलसारख्या लांबट. लोहाची कमतरता असण्याची शक्यता मोठी, पुढे फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी).

दुसरा: हिमोग्लोबिन १०.८, आरबीसी ५.६०, पीसीव्ही ३४.७, एमसीव्ही ६२.०, आरडीडब्ल्यू १५. मेंटझर ११.१. हिमोग्लोबिन कमी असताना लाल पेशींचा काउंट वाढलेला, आणि पेशी इतक्या लहान असूनही बहुतेक एकाच मापाच्या. टार्गेट पेशी (मध्ये ठिपका असलेल्या, नेमबाजीच्या चक्रासारख्या) शोधा. हा थॅलेसीमिया मायनरचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाचा) चेहरा आहे, पण चेहऱ्यावर शिक्का मारायचा नाही. एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत) एचबीए२ हा प्रकार साधारण ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर निघाल्यावरच. लोह फार कमी असेल तर एचबीए२ थोडा दबतो, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा: हिमोग्लोबिन ९.६, आरबीसी १.६०, पीसीव्ही १८.४, एमसीव्ही ११५, एमसीएच ६०, एमसीएचसी ५२. इथे थांबायचं. लाल पेशीत इतकं हिमोग्लोबिन मावतच नाही. एमसीएचसी ३७ च्या वर गेला की कागद पुढे सरकवायचा नाही. पेशी थंडीत एकमेकींना चिकटल्या आहेत, दोन-तीन मिळून मशीनला एकच वाटतात. ट्यूब ३७ अंशांवर पंधरा ते तीस मिनिटं गरम करून लगेच पुन्हा लावा. तरी एमसीएचसी चढाच असेल तर प्लाझ्मा पाहा: दुधाळ असेल तर चरबीमुळे हिमोग्लोबिन फुगलं आहे, लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत. दोन्ही नसेल तर स्फेरोसाइट शोधा.

लहान मुलांच्या थॅलेसीमिया किंवा सिकलच्या (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) नमुन्यात आणखी एक फसगत होते. केंद्रक असलेल्या लाल पेशी साध्या थ्री-पार्ट (पांढऱ्या पेशी तीनच गटांत विभागणाऱ्या) मशीनला पांढऱ्या वाटतात. मशीनचा काउंट २८,००० आणि शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा ६० दिसल्या, तर २८,००० गुणिले १०० भागिले १६०, म्हणजे खरा काउंट १७,५००.

६. प्लेटलेट आणि पावसाळा

ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यूची लाट आली की लॅबच्या काउंटरवर 'पेशी किती?' एवढा एकच प्रश्न ऐकू येतो. अशा वेळी ३८,००० चा कागद घाईने देण्याआधी स्लाइडचं टोक पाहा. ईडीटीएमुळेच काही जणांच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीन त्या मोजत नाही. स्लाइडवर पुंजके दिसले तर नमुना सायट्रेटमध्ये पुन्हा घ्या, काउंटला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त दहा टक्के पातळ होतं. पुंजके नसतील तर शंभरच्या लेन्सखालच्या दहा फील्डमधल्या प्लेटलेटची सरासरी काढून १५,००० ने गुणा. फील्डमध्ये सरासरी तीन म्हणजे ४५,०००, मशीनशी जुळलं. फील्डमध्ये दहा-बारा दिसत असताना मशीन ३८,००० म्हणत असेल तर मशीन चुकतंय. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट लाल पेशींच्या खात्यात जाण्याचाही प्रकार होतो.

डेंग्यूत डॉक्टरला प्लेटलेटइतकाच पीसीव्ही हवा असतो. तो चढत असेल तर रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा गळतोय. कालचा पीसीव्ही शोधून आजच्या शेजारी ठेवून बघा.

७. आपल्या भागातलं रक्त

मलेरियासाठी जाड आणि पातळ असे दोन्ही स्मिअर करा. जाड स्मिअर फिक्स करायचा नाही, लाल पेशी फुटून जायला हव्यात. सरकारी दवाखान्यांत त्याला जेएसबी स्टेन वापरतात. निगेटिव्ह म्हणण्याआधी किमान शंभर फील्ड. पातळ स्मिअरवर प्रकार ठरतो: व्हायवॅक्सची लाल पेशी फुगलेली, ठिपकेदार, फाल्सिपेरमची नेहमीच्याच आकाराची, एका पेशीत दोन-दोन बारीक रिंग, काही अगदी कडेला चिकटलेल्या. लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट रिंगसारखी दिसते, पण तिच्याभोवती फिकट कडं असतं.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे काम करणार असाल तर सिकल रोजचा. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. विदर्भात आणि सातपुड्यातही तो बराच आढळतो. २०२३ पासून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत तपासण्या वाढल्या आहेत आणि त्यात पहिली चाळणी बऱ्याचदा सोल्युबिलिटी टेस्टची असते. डायथायोनाइटच्या द्रावणात रक्त घालायचं, ट्यूबमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतंच. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्या, नाहीतर पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसेल. सहा महिन्यांखालच्या बाळावर ही टेस्ट करू नका. अलीकडे रक्त चढवलं आहे का, हे विचारल्याशिवाय एचपीएलसीचा नमुना घेऊ नका. दात्याचं हिमोग्लोबिन मोजून बसाल. अवघड नमुन्यांसाठी परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे.

ईएसआरबद्दल (उभ्या ट्यूबमध्ये लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात त्याबद्दल) दोनच शब्द: ट्यूब उभी. तीन अंश कलली तरी वाचन तीस टक्क्यांपर्यंत वाढतं. आणि विदर्भातल्या मे महिन्यात पंखा नसलेल्या खोलीत तो लावू नका, उष्णतेनेही वाचन वाढतं.

८. सही आणि फोन

सकाळी पेशंटच्या नमुन्याआधी कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेला नमुना, लावा, लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलच्या रोजच्या आलेखावर) ठिपका टाका. दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर 'पुन्हा लावून बघू, येईल आत' असं करत बसू नका. आधी कंट्रोलची बाटली नीट मिसळली होती का, ती किती दिवस उघडी आहे ते बघा, मग रीएजंट, मग प्रोब. सलग सहा-सात ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडत असतील तर दोन एसडीच्या आत असूनही मशीन सरकतंय.

स्मिअरचं वर्णन तुम्ही लिहा, निदान पॅथॉलॉजिस्टवर सोडा. मोठी पेशी, केंद्रक जवळपास सगळी पेशी व्यापणारं, बारीक क्रोमॅटिन (केंद्रकातली जाळी), आत ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) दिसला तर काउंट नॉर्मल असला तरी स्लाइड बाजूला काढा आणि त्यांना बोलवा. सायटोप्लाझममध्ये ऑअर रॉड, म्हणजे लालसर काड्या, आणि त्यांच्या जुड्या दिसल्या तर त्याच मिनिटाला, कारण ल्युकेमियाचा तो प्रकार काही तासांत रक्तस्रावाने पेशंट घेऊन जाऊ शकतो.

क्रिटिकल आकड्यांची यादी लॅबने ठरवलेली असते; ती फोनजवळ चिकटवा. फोन करताना पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि आकडा सांगा आणि पलीकडच्या माणसाकडून आकडा पुन्हा म्हणवून घ्या. फोन कोणी घेतला, किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहा. वॉर्डमध्ये कोणी उचलत नसेल तर रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळं होऊ नका. पुन्हा लावा, नाहीतर कागद हातात घेऊन वर जा.